वरून ऐकणारे दोन कान

स्वस्तातले माईक घेऊन घरच्या घरी ड्रमचे ध्वनिमुद्रण करता येते का, असा प्रश्न विचारला की जाणकार मंडळी हसतात. निम्मे म्हणतात, "स्टुडिओत जा." उरलेले म्हणतात, "खिशात मोबाईल आहे ना, मग झाले!" गेले वर्षभर ही दोन्ही उत्तरे मी ऐकत आलो आहे आणि दोन्ही चुकीची आहेत असे माझे अनुभवान्ती मत बनले आहे. ते मांडावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. मी ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे; मराठी हा माझा विषय. तेव्हा या लेखात शास्त्र थोडे आणि घरातली खटपट जास्त आढळली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

भिवपुरी रोड हे नेरळ आणि कर्जत यांच्यामधले स्टेशन. गाव अजून पुढे आहे याची कबुली त्या 'रोड' शब्दातच आहे. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते तरुणपणी या स्टेशनावरून संध्याकाळची गाडी धरून कल्याण, डोंबिवली, दादर असे ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायला जात. कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची लोकल निघून गेलेली असे. मग फलाटावरच्या बाकावर पाठ टेकायची आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी यायचे. ही वारी त्यांनी वीसएक वर्षे केली. १९८५ साली रोलंड कंपनीचे ऑक्टापॅड निघाले. ते पुढे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत शिरले आणि चार कातडी वाद्यांचे काम बगलेत मावणारी एक पेटी करू लागली. अण्णांची बोलावणी हळूहळू थांबली. ड्रमसेट घरी आला आणि पडवीत गोणपाटाखाली बसला.

अण्णांच्या वाजवण्यात एक खासियत आहे. ते विलायती ड्रमवर ढोलकीचा ठेका वाजवतात. ऐकायला हे सोपे वाटते, पण तसे नाही. आपल्या तबल्या-ढोलकीच्या पुडीवर शाई असते. त्या शाईमुळे कातड्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराशी जुळून येतात आणि वाद्य सुरात बोलते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात ही गोष्ट मांडली होती. विलायती ड्रमला शाई नसते, त्यामुळे त्याचा नाद पसरट येतो. अण्णा उजव्या काठीने स्नेअरच्या कडेवर चाटीचे बोल काढतात आणि डावे कोपर फ्लोअर टॉमच्या कातड्यावर दाबत दाबत ठोका मारतात. कातडे ताणले जाते, स्वर चढतो आणि ढोलकीच्या घुमाऱ्याचा भास होतो. ही करामत त्यांनी कुणाकडून शिकलेली नाही आणि कुणी त्यांच्याकडून शिकलेलेही नाही. ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीत गायकांची नावे ठळक छापत, निवेदकाचे नाव छापत. ड्रमवाल्याचे नाव मी जपून ठेवलेल्या एकाही पत्रकात नाही. गेल्या वर्षी अण्णांचे डावे मनगट कुरकुरू लागले. डॉक्टरांनी 'जपून' म्हणून सांगितले. तेव्हा घरात प्रथमच सर्वांच्या लक्षात आले की हा ठेका फक्त त्यांच्या हातात आहे. हात थांबला की तो कुठेच असणार नाही.

म्हणून आम्ही त्यांना शहरातल्या एका स्टुडिओत घेऊन गेलो. तिथल्या मंडळींनी मनापासून काम केले. बास ड्रमच्या पोटात एक माईक, स्नेअरच्या अंगावर एक, प्रत्येक टॉमच्या तोंडाशी एकेक, हाय-हॅटला वेगळा, असे सात-आठ माईक लावले. तासाच्या हिशेबाने भाडे चालू होते. त्यातला बराच वेळ जोडाजोडीतच गेला. महिन्याने फीत तयार झाली. (आता ती फीत नसते, संगणकाची फाईल असते, पण आमच्या घरात तिला फीतच म्हणतात.) ठोका न् ठोका स्वच्छ होता. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "ठोके समदे माझेच हायेत रे, पण वाजवणारा कुठं हाय? माझं तुकडं केलं."

मला प्रथम ती म्हातारपणाची कुरकुर वाटली. विचार केल्यावर पटले. ड्रमसेट म्हणजे पाच-सात वाद्ये एका माणसाने वाजवलेले एकच वाद्य. घुमारा टॉममध्ये सुरू होतो, त्याची शेपटी स्नेअरच्या तारांत थरथरते, झांज त्यावर पदर ओढते. प्रत्येक कातड्याला कान लावून बसलेल्या माईकला या नात्यागोत्यांचा पत्ता लागत नाही. त्याला आपल्यासमोरचे भांडे तेवढे ऐकू येते. मग यंत्रापुढे बसलेला माणूस ते सारे तुकडे आपल्या कल्पनेप्रमाणे शिवतो. चित्रपटगीतात पन्नास वाद्यांच्या गर्दीतून ड्रम वर काढायचा असेल तर ही पद्धत योग्यच आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण एका माणसाचा हात जपून ठेवायचा असेल, तर समोर उभा असलेला श्रोता जे ऐकतो तेच माईकने ऐकले पाहिजे. वाद्याच्या वर टांगलेल्या दोन माईकचे काम नेमके हेच. इंग्रजीत त्यांना 'ओव्हरहेड' म्हणतात. मी त्यांना वरचे दोन कान म्हणतो.

यात नवे काहीच नाही. ध्वनिमुद्रणाचा आरंभच मुळी तुकडे न करण्यापासून झाला. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला, तेव्हा त्याच्याजवळ माईक नव्हताच. एक कर्णा, आणि त्याच्या टोकाला मेणाच्या तबकडीवर रेघ ओढणारी सुई. मोठ्या आवाजाचा धक्का बसला की सुई बिथरे, त्यामुळे त्या काळी ढोल-नगाऱ्यांना कर्ण्यापासून लांब बसवावे लागे. १९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, तरी पुष्कळ वर्षे दोन-चार माईकांपुढेच सगळा वाद्यवृंद बसे. कुणी पुढे यायचे आणि कुणी मागे सरकायचे, यावरच तोल साधला जाई. पुढे माईक वाढले, तरी साधेपणाची वाट बुजली नाही. १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ग्लिन जॉन्स 'लेड झेपलिन' या वृंदाची पहिली तबकडी मुद्रित करीत होते. ड्रमवर जॉन बोनम. वर लावलेला एक माईक आणि फ्लोअर टॉमच्या बाजूचा दुसरा, असे दोन माईक त्यांनी जवळजवळ अपघाताने डाव्या-उजव्या कानांत वाटून दिले आणि ड्रम एकदम खोलीएवढा रुंद झाला. आज जगभर ही बैठक त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सांगायचे तात्पर्य, दोन माईकांचा मार्ग हा गरिबाने केलेला नाइलाज नव्हे.

आता खरेदीकडे वळू. आमच्या हाती पंधरा हजार रुपये होते. मी, माझा चुलतभाऊ आणि दोन मित्र यांची ती वर्गणी. पहिला वाद इथेच झाला. चुलतभावाला एकच मोठा, जाड, चकचकीत माईक हवा होता, गायकांच्या फोटोत असतो तसा. मी म्हटले, दोन बारीक घेऊ. घरात दोन दिवस अबोला होता. माझा मुद्दा असा: मोठ्या पडद्याचा माईक समोरून येणारा आवाज भरदार घेतो, पण बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंग पुष्कळदा बदलून टाकतो. ड्रमवर तर निम्मे आवाज बाजूनेच येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, लहान पडद्याचा कंडेन्सर माईक या बाबतीत अधिक प्रामाणिक असतो. शिवाय एका कानाने रुंदी कळत नाही. दोन स्वस्त, एकसारखे माईक हे एका महागापेक्षा या कामाला चांगले.

असे माईक स्वस्तात मिळतात याचे श्रेय १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांना द्यायला हवे. कंडेन्सर माईकच्या पडद्याला विद्युतभार लागतो. तो कायमचा साठवून ठेवणारा पातळ पडदा त्यांनी तयार केला. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात. त्यामुळे माईक लहान झाला, स्वस्त झाला आणि टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे पोचला. बेहरिंगरची सी-२ किंवा सॅमसनची सी-०२ या अशा बारीक माईकांच्या जोड्या. वरच्या पायरीवर रोडची एम-५ आणि त्याहून वर एनटी-५. आम्ही सर्वांत खालच्या पायरीवर थांबलो, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

निवड करताना मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली, जोडी एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची आणि जमल्यास कारखान्यात जुळवून दिलेली असावी. डोळे दोन वेगळ्या नंबरांचे असले की चष्म्याशिवाय निभत नाही, तसेच हे. दुसरी, माईक हृदयाकृती ग्रहणाचा, म्हणजे समोरचे ऐकणारा आणि पाठीमागचे टाळणारा असावा. कारण घरात माईकच्या पाठीशी छत असते. तिसरी, त्याने मोठा आवाज न फाटता सोसावा. सुमारे १३० डेसिबेलपर्यंत सोसणारा माईक घरच्या ड्रमला पुरतो. चौथी, झांजेचा आवाज टोचू नये. स्वस्त माईकांत वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम उठावदार केलेला असतो. दुकानात गाणे म्हणून पाहिले तर तो 'क्लिअर' वाटतो, पण झांजेखाली तोच कानात सुईसारखा घुसतो. म्हणून दुकानात जाताना मी किल्ल्यांचा जुडगा नेला आणि माईकसमोर खुळखुळवला. दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहू लागला, पण कोणती जोडी टोचते ते अर्ध्या मिनिटात कळले. एक गोष्ट मात्र मी मुळीच पाहिली नाही, ती म्हणजे माईकची स्वतःची खरखर. पुटपुटणारे कवितावाचन मुद्रित करायचे असेल तर ती महत्त्वाची. ड्रमपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

हेही सांगून ठेवतो की कंडेन्सरच पाहिजे असा हट्ट नको. १९६५ पासून निघत असलेला शूरचा एसएम-५७ हा डायनॅमिक माईक कुणाकडे जोडीने असेल, तर तोही वर टांगावा. झांजेची झिलई थोडी कमी होईल, पण बाहेरचा गोंगाटही कमी येईल. रुळांजवळच्या घरात हा फायदा लहान नाही.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच द्यावा लागतो. हा आकडा कुठून आला याची हकिकत मोठी मजेची आहे. १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम-८४ हा बारीक माईक तयार केला. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती. तीच माईकला दिली, आणि मग सगळ्या जगाने तो आकडा उचलला. नॉर्वेच्या अंधाराने जगाला ४८ व्होल्ट दिले. आमच्या भिवपुरीचे नाते मात्र उजेडाशी. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडीच्या तलावाचे पाणी खाली आणून टाटांनी १९२२ साली इथे वीज तयार करायला सुरुवात केली. ज्या गावाच्या नावाने वीजघर ओळखले जाते, त्याच गावात पहिल्या रात्री आमच्या मुद्रणात विजेची गुणगुण शिरली. सेकंदाला ५० कंपने, एकसारखी, भुंग्यासारखी. दोष विजेचा नव्हता, आमच्या साध्या तारेचा होता. तीन खुंट्यांची एक्सएलआर तार घेतली. तिच्यात तोच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली गुणगुण शेवटी आपसांत कटून जाते. भुंगा गेला.

आता जागा. खरे सांगायचे तर माईकपेक्षा खोली महत्त्वाची, आणि ती विकत आणता येत नाही. पहिला प्रयोग आम्ही नव्या स्लॅबच्या खोलीत केला. छत साडेआठ फुटांवर, माईक साडेसहा फुटांवर. स्नेअरचा आवाज सरळ माईकपर्यंत आला, आणि तोच छताला आपटून चार फूट जास्त चालून पुन्हा आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; म्हणजे मागाहून आलेला आवाज साडेतीन सहस्रांश सेकंद उशिरा पोचला. कानाला ते दोन वेगळे आवाज वाटत नाहीत, पण त्यांच्या भांडणात काही स्वर खाल्ले जातात आणि ड्रम पिंपात वाजल्यासारखा येतो. मग आम्ही सगळे सामान जुन्या घराच्या माजघरात हलवले. वर उतरते कौलारू छप्पर, मध्ये उंच आढे, भिंती ओबडधोबड. आवाज वर गेला तो समोरासमोर परतलाच नाही. आईने दोन गोधड्या दिल्या, त्या मागच्या भिंतीवर टांगल्या. ज्या घराला आम्ही 'पाडायचे आहे' म्हणत होतो, तेच कामाला आले.

माईक लावण्याची रीत एका सुतळीत मावते. सुतळीचे टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचे. एक माईक सरळ वर साधारण साडेतीन-चार फुटांवर, आणि दुसरा वादकाच्या उजव्या हाताला फ्लोअर टॉमच्या पलीकडे, स्नेअरकडे तोंड करून, सुतळीच्या तेवढ्याच लांबीवर. दोन्ही अंतरे सारखी असली की स्नेअर दोन्ही कानांना एकाच क्षणी पोचतो आणि मधोमध बसतो. ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की एक सहस्रांश सेकंदाचा घोळ होतो. शेवटी दोन्ही माईकांचे आवाज एकत्र करून एकाच कर्ण्यातून ऐकावेत. बास ड्रम पातळ झाला तर समजावे की सुतळीने फसवले. आमची ही बैठक जमायला तीन रात्री लागल्या. मुद्रण रात्रीच करावे लागे, कारण दिवसा लोकलचे भोंगे, आणि रात्रीही मेलगाड्या घाटाकडे जातच असतात. दोन गाड्यांच्या मधला वेळ हेरून अण्णा वाजवत.

उणेही सांगितले पाहिजे. दोन माईकांत बास ड्रमचा लाथेचा ठोका मागे राहतो. पुढे तिसरा साधा माईक मिळाला तर तो तिथे ठेवावा. दुसरे म्हणजे आमच्याकडचा पाऊस. आषाढात एक माईक तडतडू लागला. पडद्यावर दमटपणा धरला होता. चार दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसह बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यावर तो सुधारला. तेव्हापासून दोन्ही माईकांचा मुक्काम त्याच डब्यात आहे.

'मग मोबाईल काय वाईट?' असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की मोबाईल बोलण्यासाठी घडवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप आवाज दाबतो, बारीक आला की उचलतो. बोलणाऱ्याला ते सोयीचे, पण वादकाचे सारे कसब हळू आणि जोरात यांच्या फरकातच असते. तो फरकच मोबाईल पुसून टाकतो. अर्थात काहीच नसेल तर मोबाईल लाख मोलाचा. मुळीच मुद्रण न होण्यापेक्षा वाईट मुद्रण बरे.

आमचा हिशेब असा: माईकची जोडी सहा हजार, दोन स्टँड चोवीसशे, तारा बाराशे, दोन माईक घेणारी जुनी पेटी पाच हजार. चौदा हजार सहाशे. उरलेल्या चारशेत चहा आणि सुतळी. चौथ्या रात्री अण्णांनी कोळीगीताचा ठेका दहा मिनिटे वाजवला. ऐकल्यावर त्यांनी काही स्तुती केली नाही. फक्त म्हणाले, "मधे कोपर उशिरा उचललं मी. पुन्यांदा घेऊ." स्टुडिओतल्या स्वच्छ फितीत त्यांना स्वतःची चूक सापडली नव्हती, कारण ते स्वतःच तिच्यात सापडले नव्हते. इथे सापडले.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट. पंधरा हजार रुपये माझ्यासारख्या विद्यार्थ्याला जड आहेत. चौघांना मिळून जमले. पण महाविद्यालयाला ते जड नाहीत. आपल्या वर्गांत कर्जत-खालापूरच्या गावागावांतून मुले-मुली येतात. कुणाच्या घरी भजनी मंडळातला पखवाज आहे, कुणाच्या वाडीत नाचाचा ढोल आहे, कुणाचा मामा बँडमध्ये ताशा वाजवतो. लोकसाहित्याच्या तासाला आपण या वाद्यांची नावे लिहून घेतो आणि परीक्षेत उतरवतो. त्यांचा नाद मात्र कुणीच उतरवून घेत नाही. ग्रंथालयातून जसे आठ दिवसांसाठी पुस्तक मिळते, तशी माईकची एक जोडी, दोन स्टँड आणि एक पेटी ओळखपत्रावर का मिळू नये? सुट्टीत मुलांनी ती घरी न्यावी, परत करताना मुद्रणाची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी, आणि तिच्यावर वाजवणाऱ्याचे नाव लिहावे. ऑर्केस्ट्राच्या पत्रकांत जे राहून गेले, ते निदान आपल्या कपाटात राहू नये.

अण्णांचे मनगट अजून चालते. पण डबा सध्या माझ्या घरी आहे आणि दिवाळीपर्यंत तो रिकामाच पडून असेल. ज्यांच्या घरी असे कुणी वाजवणारे असेल त्यांनी तो खुशाल न्यावा. अट एकच: सुतळी परत आणावी.